पाणी कुठवर आलं होतं?

जुलैतला रविवार होता. बाहेर पावसाची झड लागलेली; पण सांगलीत किती पाऊस पडतोय याला आम्ही फारशी किंमत देत नाही, कोयना धरणावर आणि महाबळेश्वरला किती पडला ते विचारतो, कारण आमची नदी तिकडच्या पावसाने चढते. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. न्हाणीघरात वॉशिंग मशिनने पाणी सोडलं आणि फरशीतल्या जाळीतून बुडबुड आवाज आला. पुढचं मला कळलं ते एवढंच, की मी ताट हातात घेऊन उभी आहे. आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली होती. छातीत धडधडत होतं, कानशिलं गरम झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "बस गं, मशिन आहे ते." नवऱ्याने मान वर न करता भाताचा पुढचा घास घेतला. मी बसले. लोणच्याची बरणी इकडून तिकडे सरकली आणि जेवण पुढे सुरू झालं.

मला खटकलं ते उभं राहणं नव्हे. "काय झालं?" असं दोघांपैकी कुणीच विचारलं नाही, ते खटकलं. विचारायची गरजच नव्हती म्हणा. त्या आवाजाचा अर्थ आम्हा तिघांनाही ठाऊक होता.

आमच्या गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, पूर दारातून येत नाही. तो आधी मोरीतून येतो. कृष्णा नदी अजून दोन गल्ल्या लांब असते, रस्ता कोरडा असतो, मुलं पाणी बघायला आयर्विन पुलाकडे पळत असतात आणि इकडे गटारं उलटी वाहायला लागतात. जाळीतून बुडबुडे येतात, मग काळपट पाण्याचं एक थारोळं, मग ते उंबऱ्याकडे निघतं. घाई अशी नसतेच त्याला. ऑगस्ट 2019 मध्ये आम्ही त्याच्याकडे बघत बघत गहू माळ्यावर टाकले, गाद्या कपाटावर चढवल्या, कपाटाचा खालचा खण रिकामा केला. वरचा खण भिजेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, कारण 2005 ला तिथवर आलं नव्हतं. आयर्विनला 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे सांगलीच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. आमच्या घरात ते पंख्याच्या पात्यांखाली हातभर येऊन थांबलं. आम्ही शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, परक्यांच्या हॉलमध्ये, खिडकीतून आपल्याच घराचं छप्पर बघत बसलो होतो. लाइट नाही, मोबाइल बंद, चहूकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही. त्यातच ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी कुणीतरी वरच्या जिन्यावरून सांगितली. त्यानंतर बोट आली तरी सासूबाई चढायला तयार होईनात.

हे सगळं कुणाला सांगायचं? सांगलीत पूर सांगायला माणूसच मिळत नाही. "तुमच्यात किती?" "छातीएवढं." "आमच्यात माळ्याला लागलं." "वहिनी, तुमचं काहीच नाही मग, मारुती चौकात बघायचं होतं." इथे प्रत्येकाकडे स्वतःचा पूर आहे आणि तो दुसऱ्याच्यापेक्षा चार बोटं तरी वर आहे. बरं, यात दुष्टावा काही नाही. समोरचाही सांगायलाच आलेला असतो. दोघंही फुटांचा हिशेब करतात, सरकारला शिव्या घालतात, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर येऊन थांबतात. मी स्वतः कितीतरी जणींना असंच अर्ध्यावर तोडलं असेल. आणि बाहेरगावच्या नातेवाइकांना टीव्हीवर पाहिलेला पूर आमच्यापेक्षा जास्त माहीत असतो.

2021 ला पुन्हा आलं, 55 च्या आसपास. त्या वेळी मास्क लावून गाळ उपसला. त्यानंतर माझी झोप गेली ती गेलीच. जून लागला की रात्री दोनला उठून मोबाइलवर कोयनेचा विसर्ग बघायचा, मग आयर्विनची पातळी, मग तीच पातळी दुसऱ्या ग्रुपवर, मग जिना उतरून मोरीच्या जाळीवर हात ठेवून बघायचा. एकदा अशीच रात्री जिन्यात बसले असताना 14416 लावला. टेलिमानस. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. नंबर ऑफिसातल्या कॅलेंडरवर कुणीतरी लिहून ठेवला होता. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, श्वास मोजायला लावला आणि शेवटी म्हणाली, "ताई, हे एका फोनचं काम नाही. नियमित कुणाशी तरी बोला."

आता सांगली-मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वानलेस साहेबाने 1894 ला मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लोक कर्नाटकातून इथे ऑपरेशनला येतात. किडनीचा, मेंदूचा, कशाचाही डॉक्टर शिटी बसच्या तिकिटात गाठता येतो. पण मनाच्या डॉक्टरकडे जायचं तर त्याच बसमध्ये कोण भेटेल सांगता येत नाही. वेटिंगमध्ये बसलं की समोरच्या बाकड्यावर नणंदेची जाऊ. "तुम्ही इकडं कुठं?" या एका प्रश्नाच्या भीतीने किती माणसं घरी बसत असतील! बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत असं निघालं, की मानसिक आजार असलेल्या 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आजारागणिक आकडा बदलतो एवढंच. त्याची कारणं डॉक्टरांची कमतरता वगैरे असतीलच. पण बसमधली नणंदेची जाऊ कुठल्या रकान्यात भरतात कोण जाणे.

म्हणून ऑनलाइन. भाचीने शोधून दिलेली बाई डॉक्टर नव्हती, सायकॉलॉजिस्टही नव्हती. सायकियाट्रिक सोशल वर्कर. मी भाचीला म्हटलं, "अगं, सोशल वर्कर कशाला? मला काय रेशन कार्ड काढायचंय?" आमच्या डोक्यात समाजसेविका म्हणजे पथनाट्य आणि सर्व्हे. साताऱ्याजवळ जकातवाडीला समाजकार्याचं कॉलेज आहे, आमच्या गल्लीतली एक मुलगी तिथे शिकली. तीही आम्हाला आठवते ती गळ्यात ओळखपत्र आणि हातात फॉर्मचा गठ्ठा घेतलेली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि नर्स यांच्या पंक्तीत सायकियाट्रिक सोशल वर्करलाही जागा आहे, आणि एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण, झाल्यावर त्यासाठी वेगळं शिकावं लागतं, हे मला नंतर कळलं. औषध मात्र त्या देत नाहीत. झोपेच्या गोळ्यांसाठी त्यांनी मला शेवटी मिरजेलाच पाठवलं. आणि हो, बसमध्ये ओळखीचं भेटलं. मी दाताचं कारण सांगितलं.

बोलायला जागा कुठली, हा मोठाच प्रश्न होता. घरात तीन खोल्या, तीन माणसं आणि दारांना कड्या असल्या तरी त्या लावायची पद्धत नाही. शेवटी ऑफिस. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. सौदे सकाळी होतात, संध्याकाळी हमाल गेले की मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्प्या आणि मी. लॅपटॉपच्या बटणांमध्ये पिवळी धूळ बसलेली. पहिल्याच दिवशी मॅडमनी, म्हणजे त्या सोशल वर्करनी, विचारलं, "आत्ता कुठे बसलाय? पत्ता सांगाल? आणि जवळचं कुणीतरी, ज्यांना मी फोन करू शकेन?" पुढच्या वेळीही तेच. मला वाटलं, बाई विसराळू आहे. मग त्यांनी सांगितलं, की दर वेळी हे विचारावंच लागतं. बोलता बोलता मला काही झालं, तर त्या तिकडून धावत येऊ शकणार नाहीत. निदान माणूस कुठे पाठवायचं एवढं तरी हातात हवं. ते ऐकून मला बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. म्हणजे काहीतरी होऊ शकतं, असं या बाईंनी गृहीत धरलंय तर.

मॅडम मूळच्या जालन्याकडच्या. लहानपण टँकरची वाट बघण्यात गेलेलं. कृष्णा त्यांनी कधी बघितलेली नाही, पूर तर नाहीच. सुरुवातीला मला हे फार विचित्र वाटलं. जिला नदीच माहीत नाही तिला मी काय सांगणार? पण झालं उलटंच. त्यांना माहीत नसल्यामुळे मला सगळं सांगावं लागलं. पाणी वर चढताना आवाज होतो का? (नाही. आवाज भांड्यांचा होतो. स्वयंपाकघरातली भांडी आपसूक तरंगायला लागतात आणि एकमेकांवर हलकेच आपटतात.) वास कधी यायला लागला? फ्रीज खरंच तरंगतो? दार आतून उघडेना म्हणजे नेमकं काय झालं? प्लायवूडचं दार फुगून चौकटीत कसं घट्ट बसतं, गाळ काढताना फावड्यापेक्षा वायपर का बरा पडतो, लग्नातल्या शालूतून तिसऱ्या धुण्यालाही तांबूस पाणी कसं निघतं, हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगलीत ते सांगायची गोष्टच नव्हती, आणि मॅडमकडे तर "आमच्यात किती" नव्हतंच. त्यामुळे मला पहिल्यांदाच वाक्य पूर्ण करता येत होतं.

अर्थात हे सगळं पहिल्या दिवशी नाही. मी तर सुरुवातीलाच धडाधड सांगायला निघाले होते. त्यांनी थांबवलं. आधी पाय जमिनीवर टेका म्हणाल्या. आत्ता दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. मी मोजल्या: तराजू, पोती, कालनिर्णय, पंखा, मांजर. वासाला हळद, आणि परत हळदच. मला हसू आलं. मला वाटायचं ही टाळाटाळ आहे, पैसे घेऊन वेळ काढणं आहे. आमच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवरून, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवरून, मला ते पटलं. त्यातली बरीचशी पेवं 2005 च्या पुरात कामातून गेली, पण आमच्या दुकानातले जुने हमाल अजून सांगतात, की पेवाचं तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. आत कोंडलेली हवा असते, माणूस गुदमरून जायचा. आधी पेव उघडं टाकायचं, दिवा सोडून बघायचा, मग माणूस उतरवायचा. मॅडमना हे सांगितलं, तर त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार, हा शब्द मी स्वतःच इंटरनेटवरून आणला होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत तो 1980 ला आला, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. ते वाचून मी मॅडमना विचारलं, मला तेच झालंय का? त्या म्हणाल्या, निदान डॉक्टर करतील, आपण झोपेकडे बघू. मला थोडा राग आला. इतकं सोसल्यावर माणसाला निदान नाव तरी मिळावं की नाही? आणि दुसरं म्हणजे, सैनिकाची लढाई संपलेली असते. माझी नदी तिथेच आहे, मारुती चौकाच्या पलीकडे, आणि दरवर्षी जून येतोच. मी घाबरते त्यात खोटं काय आहे? हे मी जरा तावातावाने बोलले. त्यांनी भीती चुकीची आहे असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाल्या, "घाबरायचंच आहे, पण किती फुटांना, ते ठरवू."

मग कागद-पेन्सिल. मधे एक वर्तुळ काढा, ते तुमचं घर. भोवती बाकीची वर्तुळं: ऑफिस, माहेर, बचत गट, शेजार, बँक, दवाखाना. घट्ट नातं असेल तर जाड रेघ, पातळ असेल तर तुटक, त्रासाचं असेल तर वाकडीतिकडी. इकोमॅप म्हणतात याला. ॲन हार्टमन नावाच्या अमेरिकन बाईंनी 1975 साली समाजकार्यासाठी काढलेली पद्धत. माणसाचं दुखणं एकट्या माणसात नसतं, भोवतालच्या रेघांमध्ये असतं, असा त्यामागचा विचार. मी बरीच वर्तुळं काढली आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. मॅडम बघत राहिल्या. "ही कोपऱ्यातली कृष्णा कोण? बहीण का?"

मी इतकी हसले की वॉचमन डोकावून गेला.

नदीला रेघ कुठली द्यायची, हे मला ठरवता येईना. शेवटी दोन्ही दिल्या. जाड रेघ काढली आणि तिच्यावरूनच वाकडीतिकडी फिरवली. कारण 2019 ला पाणी तिसऱ्या पायरीवर होतं, तेव्हा सासूबाईंनी त्या गढूळ पाण्याची ओटी भरली होती. खण, नारळ, हळद-कुंकू. "आई, आलीस तशी जा," म्हणाल्या. मी शेजारी टॉर्च धरून उभी. मला चीडही आली होती आणि हात जोडले गेले होते. ती ओटी पाण्यावर गरगर फिरली आणि आमच्याच स्वयंपाकघरात शिरली. ती गेली कुठे ते कुणाला कळलं नाही. गाळ काढताना नारळ मात्र सिंकखाली सापडला.

त्या कागदावरून मॅडमनी जे काम काढलं, ते बघून भाचीची सोशल वर्कर म्हणजे काय ते मला कळलं. बँकेच्या वर्तुळाला मी वाकडी रेघ दिली होती. तिथून निघालं, की पुरानंतर घेतलेल्या कर्जाचं एक पत्र मी कपाटात तसंच न उघडता ठेवलंय. ते त्यांनी मला कॅमेऱ्यासमोर उघडायला लावलं. विम्याचे कागद कुठे आहेत? सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या असतात? रात्री दोनच्या पातळीऐवजी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तीही सरकारी आकड्याचीच. 35 फुटांना कागदपत्रांची पिशवी बाहेर, 38 ला सासूबाई विश्रामबागला नणंदेकडे, 40 ला गॅस आणि मेन स्विच बंद करून आम्ही. हा कागद आता फ्रीजवर लावलेला आहे. मी त्यांना म्हटलं, "आणि पाणी आल्यावर तुम्ही? टॉवर तर पहिल्या दिवशीच जातो." ऑनलाइन उपचाराची ही खरी गोम आहे, खरी गरज लागेल तेव्हा तो नसणार. त्यांनी वाद घातला नाही. त्या कागदावर खाली, रेंज गेल्यावर कुणाजवळ बसायचं त्या दोन बायकांची नावं मला लिहायला लावली.

जाळीचंही केलं. आधी रिकाम्या न्हाणीघरात नुसतं उभं राहायचं. मग तांब्याभर पाणी ओतायचं. मग बादली. मग मशिनचं पाणी, दार उघडं ठेवून. धडधड वाढते, वर जाते, तिथेच थांबते आणि आपोआप उतरते, फक्त पळून जायचं नाही. सासूबाईंनी एक दिवस विचारलं, "एवढं पाणी कशाला गं ओततीस?" मी खरं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला तर कूकरची पयली शिट्टी व्हायच्या आधी जो आवाज येतो ना, त्याचं भ्या वाटतं." इतकी वर्षं मी त्याच गॅसवर कूकर लावत होते.

धडधड आता अजिबात होत नाही, असं नाही. मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी टाकी धुतली आणि माझा हात जाग्यावरच थांबला. पण ताट हातात होतं आणि मी बसलेली होते. नवऱ्याने या वेळी वर बघितलं. पैशाचा हिशेब तो अधूनमधून काढतोच. नुसत्या बोलण्याचे इतके? मी त्याला म्हणते, वकिलाला देतोस तेव्हा नुसत्या बोलण्याचेच देतोस. तो स्वतः मात्र बोलत नाही. त्याचा इलाज एकच, घर विकून विश्रामबागला फ्लॅट. मॅडमसमोर निम्मा वेळ आम्ही याच घरावर घालवला असेल, आणि विका किंवा विकू नका असं त्यांच्या तोंडून मी काही केल्या काढू शकले नाही. ते माझं मला ठरवायचंय, म्हणे. मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवऱ्याने परवा एजंटकरवी एक जोडपं घर बघायला आणलं. तरुण होते, बाहेरगावचे, बदलीवर आलेले. भिंतींना नवा रंग आहे, खुणेची रेघ आता दिसत नाही. बाईने उगाच विचारावं तसं विचारलं, "इकडे पाणी येतं का हो कधी?" एजंट म्हणाला, "थोडंफार." मी तिला आत नेलं. खुर्ची ओढली, वर चढले आणि पंख्याखाली भिंतीवर बोट ठेवलं. मग मोरी दाखवली, जाळी दाखवली, दार कसं फुगतं ते सांगितलं, माळ्यावर काय टिकतं आणि काय नाही तेही. ती खरंच ऐकत होती. मधे मधे विचारतही होती. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. गेल्यावर नवरा म्हणाला, "एवढं सगळं सांगायची काय गरज होती?" सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या नारळाचं सांगायचं राहिलं तिला."